पुलापलीकडचे तेवीस

हॅडन, गुरुवार, ७ मार्च
दुपारचे तीन

प्रिय रसेल,

आधीची माझी दोन्ही पत्रं तू न फोडता परत पाठवलीस. याला पाकीटच नाही. हेलिकॉप्टरचा पायलट शहरात उतरला की या कागदाचा फोटो काढून तुझ्या खाणीच्या ऑफिसात पाठवणार आहे, तेव्हा परत पाठवायचं झालं तरी आधी नजर पडेलच. इथे फोन नाही, वीज नाही, रस्ता नाही. त्यामुळे हस्ताक्षर सहन कर.

आम्ही जिवंत आहोत. टीव्हीवर गाळाखालची गल्ली दाखवत असतील तर ती आपलीच, पण आईचं घर उंचावर. पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं आणि थांबलं. तळघरातलं सगळं गेलं. तुझ्या रग्बीच्या ढाली त्यात होत्या, सॉरी.

टॅम्सिन ठीक आहे. तुझी पोरगी वरच्या खोऱ्यात आहे, तिकडचे टॉवर पडलेत, म्हणून तिचा फोन लागत नाही. तू लावून पाहिला असशील. काळजी करू नकोस.

वादळ मंगळवारी पहाटे आलं. दुपारपर्यंत मांगाकुरा नदी दोन्ही काठ सोडून शेतांतून चालली होती. मी सोमवारपासून नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर आहे. एरवी वाचनालय सांभाळते, पण आपत्ती गटाची कंट्रोलर अजून मीच. बारा वर्षं झाली, दुसरं कोणी पुढे येत नाही. खोलीत अठरा माणसं, एक जनरेटर, चार रेडिओ. प्रत्येकाच्या अंगात आपापल्या कामाचं नाव लिहिलेलं जॅकेट. माझ्या जॅकेटची चेन मोडलीय, तिथे सेफ्टी पिन लावलीय. जेवायला सॉसेज रोल, आणि सॉसेज रोल संपले की बिस्किटं. माओरींच्या मराएवरच्या लोकांनी त्यांचं सभागृह उघडलं म्हणून बरं, तिथे दोनशे दहा माणसं गाद्यांवर झोपलीत आणि तिकडे गरम जेवणही आहे. ती सगळी व्यवस्था नायरीची. तुला नायरी तुतुरू आठवत असेल. शाळेत तुला 'शेपूट' म्हणायची, कारण तू सतत माझ्या मागे असायचास.

ती आत्ता समोरच बसलीय. मी काय लिहितेय ते उलटं वाचायचा प्रयत्न करतेय. मघाशी तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून उभीच राहिली. मी म्हटलं, "अगं मी ठीक आहे, जा." ती गेली नाही.

पायलटला घाई आहे.

ग्लेनीस


हॅडन, सोमवार, ११ मार्च

रसेल,

तुझी चिठ्ठी पोचली. नऊ वर्षांनी चार शब्द: 'ती तिथे काय करतेय?' पायलटने छापून आणली होती. मी ती जॅकेटच्या खिशात ठेवलीय.

तू टॅम्सिनशी परवा हॉस्पिटलात फोनवर बोललास हे तिने कळवलं. म्हणजे ती जिवंत आहे हे तुला कळलंय. बाकीचं तिने सांगितलं नसणार. ती तुझ्यावर गेलीय, अर्धंच सांगते. म्हणून मी सगळं सांगते, आणि सुरुवातीलाच हे सांगते की गुरुवारी मी तुला खोटं लिहिलं. 'टॅम्सिन ठीक आहे' असं लिहिलं तेव्हा ती ठीक आहे की नाही मला ठाऊक नव्हतं. खरं तर ती गेली असंच मी धरून चालले होते.

चौदा महिन्यांपूर्वी ती नेल्सनहून बॅग घेऊन माझ्या दारात आली. म्हणाली, "आत्या, मला गटात यायचंय." मी म्हटलं, तुझ्या आईला माहीत आहे का? म्हणाली, आईला माहीत आहे, बाबाला सांगू नकोस, तो दोनच वाक्यं बोलेल आणि दोन्ही शिव्या असतील. मी नाही सांगितलं. सांगायला हवं होतं. पण घरात कोणीतरी जेवायला आहे याचीच मला सवय झाली होती, रसेल. तू म्हणशील, स्वार्थी बाई. हो.

तिने सगळं प्रशिक्षण केलं. मोठा ट्रक चालवते, दोर बांधते, आणि म्हाताऱ्या माणसांशी अशी काही बोलते की अधिकाऱ्यांना दारातून हाकलणारे लोक तिचं बोट धरून ट्रकमध्ये बसतात.

आता मंगळवार.

सकाळी दहाला वरच्या खोऱ्यातलं पाण्याची पातळी कळवणारं यंत्र बंद पडलं. शेवटचा आकडा पाच मीटर सत्तर. पावणेअकराला शहरातून एका बागायतदाराचा फोन आला. तेव्हा एक लाइन अजून जिवंत होती. तो रडकुंडीला आला होता. तुझी जमीन त्याच्याकडेच आहे आता. तुझ्या दुधाच्या शेडमागे त्याने सफरचंद तोडणाऱ्यांसाठी वसाहत बांधलीय. "माझी तेवीस माणसं आहेत तिथे," म्हणाला, "व्हानुआतू बेटांवरून आलेली. मीच त्यांना सांगून आलो होतो, वादळ आलं तर घरात बसा, बाहेर पडू नका. आता कोणाचाच फोन लागत नाही." घरात बसा! नदीकाठच्या सपाटीवर! तुला मी काय सांगू, ती जमीन तू माझ्याहून चांगली ओळखतोस.

हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. अग्निशमनची गाडी चाळीस मिनिटांवर अडकलेली. पुलाच्या अलीकडे रस्ता बंद करायला आमचा एकच ट्रक उभा होता, आणि त्यात टॅम्सिन. पुलावर आमचा डच इंजिनियर योस्ट, खांबांवर नजर ठेवून.

ती रेडिओवर आली. "कंट्रोल, मी ऐकलं सगळं. योस्ट म्हणतो पूल वीस मिनिटं टिकेल. मी जाऊ?"

मी बटण दाबलं आणि सोडलं.

योस्टचा आवाज आला, "वीस म्हणजे वीस, ग्लेनीस. पंचवीस नाही. गेली तर परत येणं नाही, हे तिलाही सांगितलंय."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. नायरी माझ्या खुर्चीपाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या ट्रकमध्ये दुसऱ्या कोणाची पोरगी असती तर काय सांगितलं असतंस?"

"जा म्हटलं असतं."

"मग?"

"मग तू गप्प बस," म्हटलं मी तिला. आणि बटण पुन्हा दाबलं. "टॅम्सिन, जा. सगळ्यांना टेकडीवरच्या लोकरीच्या शेडवर ने. परत यायचा प्रयत्न करायचा नाही. कळलं?"

"कळलं. आत्या?" रेडिओवर ती मला कधीच आत्या म्हणत नाही.

"बोल."

"घरच्या कोंबड्या सोड ना कोणाला तरी सांगून. खुराड्यात बुडतील."

दहा वाजून बावन्न मिनिटांनी ती पलीकडे गेली. अकरा दहाला पूल गेला. योस्टने रेडिओवर नुसतं "गेला" म्हटलं. तिचा रेडिओ त्याआधीच बंद झाला होता.

त्यानंतर दोन दिवस मी काम केलं. कसं केलं ते विचारू नकोस. फळ्यावर लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. खालच्या रस्त्यावरचे म्हातारे ऑल्डर्टन नवराबायको त्यांच्या माळ्यावर सापडले, दोघंही गेलेले. त्यांच्या दारापर्यंत आमचं माणूस पोचलं नव्हतं. त्यांचं नाव फळ्यावर लिहिताना मला आठवलं, मिसेस ऑल्डर्टन दर मंगळवारी पुस्तक बदलायला यायच्या.

गुरुवारी दुपारी ढग जरा वर सरकले आणि हेलिकॉप्टर वरच्या खोऱ्यावर एक घिरटी मारून आलं. उतरता आलं नाही. पण पायलट म्हणाला, "लोकरशेडच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने आकडा लिहिलाय, भलामोठा. तेवीस."

रसेल, खोलीत काय आरडाओरडा झाला! योस्टने टेबलावर मुठी आपटल्या. कोणीतरी कोणाला मिठी मारली. मीही टाळ्या वाजवल्या. आणि टाळ्या वाजवता वाजवताच माझी नजर नायरीकडे गेली. ती वाजवत नव्हती. तोंडावर हात धरून उभी होती.

तेवीस म्हणजे तोडणारे तेवीस. चोविसावी कुठे होती?

तिला सगळे पोचवता आले आणि ती स्वतः राहिली, असा हिशेब मी केला. अर्ध्या तासाने तुला पत्र लिहायला बसले. खरं लिहिण्याची हिंमत झाली नाही. मला वाटलं, अजून एक दिवस तरी तुझी पोरगी जिवंत राहू दे, निदान तिकडे तुझ्याकडे.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला हेलिकॉप्टर टेकडीवर उतरलं. मी रेडिओपाशीच होते. पायलट म्हणाला, "कंट्रोल, इथे चोवीस आहेत." मी म्हटलं, पुन्हा मोज. "मोजले. चोवीस. एकीचा पाय मोडलाय. आणि ती मला शिव्या देतेय, मी आधी तिला नेतोय म्हणून."

पत्र्यावरचा आकडा तिनेच सांगून लिहून घेतला होता. स्वतःला धरायचं ती विसरली.

त्या माणसांचा म्होरक्या सॅमसन तारी मला शनिवारी मराएवर भेटला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, फार हळू बोलणारा. ट्रक ओढ्यात उलटला तेव्हा टॅम्सिनचा पाय ट्रकच्या मागच्या फाळक्यात चेमटला. हाच तिला पाठीवर घेऊन टेकडी चढला. मी त्याचे आभार मानायला गेले तर तो माझेच मानायला लागला. म्हणाला, "मिसेस, आम्ही दार लावून बसलो होतो. बसा सांगितलं होतं म्हणून बसलो होतो. तुमची मुलगी आली आणि ओरडली, उठा, सगळे उठा. शेडमध्ये दर तासाला आम्हाला मोजायची. पायाला ताप भरला तरी मोजायची. एक, दोन, तीन... मी म्हटलं, पोरी, आम्ही कुठे जाणार आहोत? तर म्हणाली, गप्प बसा, मी चुकेन."

तिच्या पायात आता धातूच्या तीन पट्ट्या बसवल्यात. सहा महिने कुबडी. ती चालेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, ती इथे हे करतेय. तिला पाठवलं मी. तुझा राग येईल तो माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

कोंबड्या जगल्या.

ग्लेनीस


हॅडन, रविवार, २ जून

रसेल,

तू उत्तर दिलं नाहीस. टॅम्सिनला दर रविवारी फोन करतोस, हे मला माहीत आहे. ती मुद्दाम स्वयंपाकघरात बसून बोलते, म्हणजे मला तुझा आवाज ऐकू यावा. घोगरा झालाय तुझा आवाज. खाणीतली धूळ असेल.

पायाच्या पट्ट्या एकदा सैल झाल्या होत्या, पुन्हा बसवल्या. बाकी घरांचं असं आहे की ज्यांच्या दारावर 'राहण्यालायक नाही' असं लाल स्टिकर लागलं ते लोक अजून इतरांच्या घरी राहताहेत. बागांमध्ये सफरचंदं झाडावरच कुजली. नायरी रोज संध्याकाळी दोन-दोन घरं फिरते, हातात केक, आणि लोकांना रडू देते. गटाचं काम वादळ गेलं की संपतं असं लोकांना वाटतं. तेव्हाच ते सुरू होतं.

आता मी ज्यासाठी लिहितेय ते.

चौकशी चालू आहे. बाहेरून तिघं आलेत. ऑल्डर्टन नवराबायकोपर्यंत आम्ही का पोचलो नाही, ते त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं: त्या रस्त्याला मी शेवटी ठेवलं, कारण तिथे आजवर कधी पाणी आलं नव्हतं. ही चूक माझी. त्यांच्या मुलाला भेटून हेच सांगितलं. तो पायाखालच्या गाळाकडे बघत म्हणाला, "मीही तेच समजलो होतो."

मग त्यांनी पुलाची जुनी माहिती मागवली. मागचे सगळे पूर, कधी बंद केला, किती पाण्याला. म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची वहीही. ती वही त्यांच्या हातात पडायच्या आत मी स्वतः जाऊन त्यांना सांगितलं. पण त्यांच्याही आधी हे तुला सांगायला हवं होतं. नऊ वर्षं उशीर झालाय, तरी सांगते.

त्या ऑगस्टमध्ये तू गावात टायर बदलायला आला होतास. तुझ्या एकशे चाळीस गाई, सगळ्या गाभण, नदीकाठच्या कुरणात. पाणी चढायला लागलं तसा तू पुलाकडे निघालास. तीन वाजून पंधरा मिनिटांनी पूल बंद झाला. पोलिसाने तुला अडवलं. तू त्याच्या अंगावर धावून गेलास. मग तू त्या कठड्यापाशी उभा राहिलास, आणि दोन तास... मी हे लिहिणार नाही. तू तिथे होतास, मी नव्हते.

नंतर गावाच्या बैठकीत तू सगळ्यांसमोर विचारलंस, "पूल का बंद केला? तो तर अजून उभा आहे!" आणि मी हातात वही धरून म्हटलं, "पाणी चार मीटर वीसच्या वर गेलं की पूल बंद करायचा, असा नियम आहे. नियम सगळ्यांना सारखा." तू म्हणालास, "तुझ्यासाठी मी यादीतलं एक नाव आहे, ग्लेन." आणि बाहेर पडलास. नोव्हेंबर संपायच्या आत जमीन विकलीस, टॅम्सिनच्या आईशी, जूडिथशी, जे मोडायचं ते मोडलंस, आणि गेलास.

पाणी तेव्हा तीन मीटर नव्वद होतं. वहीत चार वीस मी लिहिलं.

इंजिनियरने सांगितलं होतं, सहा वाजेपर्यंत पुलाला काही होत नाही. तीन वाजून पाच मिनिटांनी पोलिसाने रेडिओवर विचारलं, "क्लॅरी हॉब्सन आलाय, सोडू?" मी म्हटलं, "सोड." तुझा शेजारी क्लॅरी पलीकडे गेला, त्याने त्याच्या फाटकाची कडी काढली, त्याच्या गाई चढावर गेल्या. दहा मिनिटांनी पोलीस पुन्हा बोलला. "तुझा भाऊ येतोय, लाल गाडी." आणि मी म्हटलं, "बंद कर."

"आत्ताच?" तो म्हणाला.

"आत्ताच. नियम आहे."

तू यादीतलं एक नाव असतास तर गेला असतास, रसेल. तुझ्या गाई वाचल्या असत्या. मला बाबा गेल्यावर रिकामी पडलेली त्यांची कॉट आठवली, आईचा चेहरा आठवला, तू सहा वर्षांचा असताना पाण्यात पडला होतास ते आठवलं, आणि मी पूल बंद केला. मग मला त्याची इतकी लाज वाटली की मी आकडा बदलला आणि नियमामागे लपले. बहीण म्हणून बंद केला हे सांगण्यापेक्षा तू मला दगडाची बाई समजलेलं बरं वाटलं.

क्लॅरी तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्याशीही मी या विषयावर कधी बोलले नाही.

मी कंट्रोलरचं काम सोडलंय. कोणी सोड म्हटलं नाही. चौकशीतल्या बाई तर म्हणाल्या, "मार्चमध्ये तुम्ही तुमच्या भाचीला पाठवलंत, ते योग्यच होतं." मी म्हटलं, हो, पण खोटा आकडा लिहिलेल्या माणसाच्या हातात ती वही असू नये. आता ते काम नायरी बघते. ती माझ्याहून चांगली आहे, आणि तिच्या जॅकेटची चेन नवीन आहे.

तुला हे वाचून काही लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस.

ग्लेन


हॅडन, रविवार, २३ जून

रसेल,

तुझं पत्र टॅम्सिनने आणून दिलं आणि कुबड्या खटखटवत मुद्दाम बाहेर निघून गेली. मी ते व्हरांड्यात उभ्यानेच वाचलं. दोनदा. मग आत येऊन बसून वाचलं.

म्हणजे तुला ठाऊक होतं!

क्लॅरीने त्याच आठवड्यात तुला सांगितलं होतं. दारू पिऊन, रडत, तुझ्या रिकाम्या गोठ्यात. 'मला सोडलं तिने, तुला नाही सोडलं.' आणि तू बैठकीत आलास ते याच एका गोष्टीसाठी. मी तेवढं सांगावं म्हणून. तू लिहितोस, 'मी प्रश्न विचारला तेव्हा उत्तर मला माहीत होतं, ग्लेन. गाई गेल्या त्याचं दुःख मी गिळलं असतं. पण तू सगळ्यांसमोर वही उघडलीस आणि मला आकडा वाचून दाखवलास. मी म्हटलं, ही माझी बहीणच नाही.'

नऊ वर्षं तू तिकडे ऑस्ट्रेलियात, कॅलगुर्लीच्या उन्हात हे एकच वाक्य ऐकायला थांबलास, आणि मी इथे तुझ्यापासून ते लपवत बसले. यावर हसावं की काय करावं, कळत नाही. नायरीला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही दोघंही मूर्ख आहात. आणि शेपूट जास्त." मी तिला म्हटलं, नाही, जास्त मीच.

तू माझी पत्रं परत पाठवलीस त्याबद्दल माफी मागितलीस. ती नको मागूस. त्या दोन्ही पत्रांत हवामानाशिवाय काही नव्हतं.

शनिवारच्या विमानाने येतोयस हे वाचून टॅम्सिनने तुझी खोली साफ करायला घेतली, एका पायावर. मी ओरडले, ऐकत नाही. सॅमसनचं पत्र आलंय, पुढच्या हंगामात तो पुन्हा येणार आहे, एकवीस जणांना घेऊन. एकाला मुलगी झालीय म्हणून तो घरीच राहतोय. मुलीचं नाव त्यांनी काय ठेवलंय ते टॅम्सिन तुला स्वतः सांगेल. मी सांगितलं तर ती मला सोडणार नाही.

तुझ्या जमिनीवर मी काल जाऊन आले. नदीने कुरण कापून नेलंय, दुधाची शेड अर्धी उरलीय. लोकरशेड मात्र तशीच आहे, पत्र्यावर आकडा अजून दिसतो. तुला बघवणार नसेल तर जाऊ नकोस. बघायचं असेल तर मी बरोबर येईन, नको म्हणालास तर गाडीत बसेन.

आता तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर. तीन आठवडे मी तुझ्या पत्राची वाट पाहिली, आणि तू सगळ्यांत कठीण गोष्ट शेवटी विचारलीस: 'तशीच वेळ आली तर पूल पुन्हा बंद करशील?'

नायरीला विचारलं तर ती नियम सांगेल, आणि तेच बरोबर आहे. टॅम्सिनला मी जाऊ दिलं, कारण तिच्या पलीकडे तेवीस माणसं होती आणि दुसरं कोणी नव्हतं. तुझ्या पलीकडे गाई होत्या. त्या तुझं सगळं आयुष्य होत्या हे मला तेव्हाही कळत होतं. गेले दोन दिवस मी स्वतःला खूप तपासलं, काही चांगलं उत्तर सापडतंय का ते पाहिलं. तुला खोटं पुन्हा लिहायचं नाही, म्हणून जे आहे ते लिहिते.

हो. बंद करीन. पण या वेळी पोलिसाला निरोप देणार नाही. त्याच्या हातातला रेडिओ तुला द्यायला सांगेन, आणि मी स्वतः बोलेन: रसेल, मी ग्लेन. पाणी तीन नव्वदच आहे, पूल टिकेल, आणि मी तरी तुला जाऊ देत नाहीये, कारण मला भीती वाटतेय. शिव्या दे.

तुझी,
ग्लेन